कष्टाला फळ केव्हा येते?



मेहनत केली की माणूस वर येतो, हा अमेरिकेचा आदर्श आज खरा उरला आहे काय, असा प्रश्न या व्याख्यानमालेच्या चालकांनी माझ्यापुढे ठेवला आहे. असल्या विषयावर एखाद्या विद्वान प्राध्यापकाने बोलावे हे रीतीला धरून झाले असते. माझे शाळेतील शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात आणि संघटनेच्या कचेरीत, म्हणजे कामगारांच्या अर्जांतून, पगारपत्रकांतून आणि न्यायालयांच्या निकालपत्रांतून शिकलो. परंतु हा प्रश्न केवळ अमेरिकेचा असता तर मी येथे उभा राहिलो नसतो. तो वाशीच्या बाजारातील गोणी उचलणाऱ्याचा आहे, कळंबोलीच्या ट्रकवाल्याचा आहे, आणि आपल्या सोसायटीच्या दारात पाठीवर पेटी घेऊन घाम पुसत उभ्या राहणाऱ्या पोराचाही आहे. म्हणून प्रश्न अमेरिकेपासून सुरू करून मी तो आपल्या खाडीच्या काठी आणणार आहे.

हा आदर्श मुळात कसा घडला ते आधी पाहू. बेंजामिन फ्रँकलिन हा मेणबत्त्या आणि साबण करणाऱ्याचा मुलगा. छापखान्यात उमेदवारी करून तो मोठा झाला आणि १७५८ साली त्याने उद्योग व काटकसर यांचे माहात्म्य सांगणारी एक छोटी पुस्तिका लिहिली. तिने सामान्य अमेरिकन माणसाला शिकविले की लवकर उठावे, अंग मोडून काम करावे, पै पै शिल्लक टाकावी, म्हणजे लक्ष्मी घरी येते. पुढे १८६८ मध्ये होरेशियो अल्जर याने ‘रॅगेड डिक’ नावाची कादंबरी लिहिली. रस्त्यावर बूट पुसणारा एक अनाथ पोरगा प्रतिष्ठित गृहस्थ कसा होतो, त्याची ती कथा. अशा कथा त्याने पुष्कळ लिहिल्या, आणि ‘अल्जरचा नायक’ म्हणजे स्वकष्टाने वर आलेला माणूस असा शब्दप्रयोगच त्या देशात रूढ झाला. ‘अमेरिकन स्वप्न’ हा शब्द मात्र बराच उशिरा लोकांच्या तोंडी बसला. जेम्स ट्रस्लो ॲडम्स या इतिहासकाराने १९३१ साली आपल्या ग्रंथात तो वापरला आणि तेथून तो सर्वत्र पसरला. १९३१ म्हणजे महामंदीचे साल, हे ध्यानात ठेवावे. लाखो लोक बेकार होते, तेव्हा या स्वप्नाला त्याचे नाव मिळाले.

परंतु अल्जरची ती कादंबरी नीट वाचणाऱ्याला एक गंमत आढळते. डिक कष्टाळू आहे, प्रामाणिक आहे, रात्री अभ्यास करतो, हे सर्व खरे. पण त्याचे नशीब पालटते ते वेगळ्याच कारणाने. नावेतून पाण्यात पडलेल्या एका मुलाला तो वाचवितो, त्या मुलाचा बाप श्रीमंत व्यापारी निघतो आणि कृतज्ञतेपोटी डिकला आपल्या पेढीत नोकरी देतो. म्हणजे कष्टाचा महिमा गाणाऱ्या त्या कथेतसुद्धा नुसत्या कष्टाने काम भागले नाही, योगायोग आणि एक आश्रयदाता लागलाच. कथेत आश्रयदाता लेखक आणून देतो. जगात तो कोण आणून देतो?

अमेरिकेत कष्टाला खरोखर फळ आले असे दोन काळ दाखविता येतात. पहिला एकोणिसाव्या शतकातला. १८६२ साली अब्राहम लिंकन यांच्या कारकिर्दीत वसाहतीचा कायदा झाला आणि जो कुटुंबप्रमुख पाच वर्षे जमीन कसून तेथे राहील त्याला जवळजवळ फुकट १६० एकर जमीन मिळू लागली. राबणाऱ्याच्या पायाखाली सरकारने जमीन घातली, म्हणून त्याच्या घामाचे पीक त्याच्या घरी आले. ती जमीन तेथल्या मूळ रहिवाशांकडून हिसकावलेली होती, ही त्या इतिहासाची काळी बाजू आहे. दुसरा काळ विसाव्या शतकाच्या मध्यावरचा. १९३५ च्या कायद्याने संघटना करण्याचा व सामुदायिक वाटाघाटीचा हक्क मिळाला, त्याच वर्षी वृद्धापकाळच्या निर्वाहाचा कायदा झाला, १९३८ मध्ये किमान वेतन व कामाचे तास ठरले, १९४४ मध्ये युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांना शिक्षणासाठी आणि घरासाठी सरकारी साहाय्य मिळाले. १९५० नंतरच्या काही वर्षांत त्या देशातील सुमारे एक तृतीयांश कामगार संघटनेचे सभासद होते. तरीही १९३५ च्या कायद्यांतून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले आणि दक्षिणेतील बहुसंख्य निग्रो कष्टकरी नेमके याच दोन कामांत होते. सर्वांत अधिक राबणाऱ्यांनाच स्वप्नाच्या दाराबाहेर ठेवण्यात आले.

आणि आज? राज चेट्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेला हिशेब मोठा बोलका आहे. अमेरिकेत १९४० साली जन्मलेल्या मुलांपैकी सुमारे ९० टक्के मुले मोठेपणी आपल्या आईबापांपेक्षा अधिक कमावू लागली. १९८० च्या सुमारास जन्मलेल्यांत हे प्रमाण ५० टक्क्यांवर आले. नाणे उडवावे आणि छापा की काटा ते पाहावे, इतकेच आता उरले. या अवधीत अमेरिकन माणूस आळशी झाला काय? तसा पुरावा कोणी दिलेला नाही. बदलले ते दुसरेच. संघटित कामगारांचे प्रमाण एक तृतीयांशावरून एक दशांशाच्या आसपास घसरले. संघराज्याचे किमान वेतन २००९ च्या जुलैपासून ताशी सव्वासात डॉलरवर खिळून राहिले आहे. १९६५ मध्ये मोठ्या कंपनीचा मुख्याधिकारी सामान्य कामगाराच्या वीसएक पट मिळवीत असे, अलीकडच्या हिशेबांप्रमाणे तो अडीचशे पटींहून अधिक मिळवितो. घाम तेवढाच गळतो आहे, त्याचे माप मात्र बदलले आहे.

आता आपल्याकडे वळू. कष्टाचे माहात्म्य आपण अमेरिकेकडून शिकलो असे नव्हे. ‘प्रयत्नांती परमेश्वर’ ही म्हण आपली आहे, आणि ‘दे रे हरी पलंगावरी’ म्हणणाऱ्याची टिंगलही आपणच केली आहे. परंतु त्याच समाजाने हजारो वर्षे असा बंदोबस्त केला होता की जो अधिक राबतो तो अधिक खाली बसेल. हे कोडे ज्यांनी प्रथम उघड केले त्या महात्मा जोतीराव फुल्यांची नजर अमेरिकेकडे होती, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. १८७३ साली प्रसिद्ध केलेले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक त्यांनी अर्पण केले ते अमेरिकेतील लोकांना. गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी त्यांनी दाखविलेल्या औदार्याबद्दल आणि स्वार्थत्यागाबद्दल! फुल्यांना अमेरिकेचा हेवा वाटला तो तेथल्या श्रीमंतीचा नव्हे. राबणाऱ्याच्या पायातील बेडी कायद्याने तोडता येते, याचा त्यांना आनंद झाला. अमेरिकेपासून शिकण्यासारखे जे होते ते त्यांनी बरोबर उचलले.

त्यांचेच सहकारी नारायण मेघाजी लोखंडे. ठाण्यात जन्मलेला हा माणूस मुंबईच्या गिरणीत कोठाराचे काम पाहत असे. तेव्हाच्या गिरण्यांत सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले, आठवड्याची सुट्टी नव्हती. कष्टाने माणूस वर येत असता, तर त्या कामगारांची मुंबईत माडीची घरे झाली असती. ती झाली नाहीत. १८८४ च्या सप्टेंबरमध्ये लोखंड्यांनी परळ भागात गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाच्या वेळेला मर्यादा, महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार आणि काम करताना इजा झाली तर भरपाई, एवढेच मागणे होते. शिकागोच्या कामगारांचा आठ तासांसाठीचा प्रसिद्ध लढा १८८६ चा, आणि हे निवेदन त्याच्या दोन वर्षे आधीचे. रविवारची सुट्टी मिळाली १० जून १८९० रोजी, म्हणजे सहा वर्षांच्या खटपटीनंतर. आज रविवारी आपण येथे निवांत बसून व्याख्यान ऐकू शकतो, त्यामागे कोणा एकाची मेहनत नसून साडेपाच हजार सह्या व अंगठे आहेत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण तर या विषयाची कसोटीच होय. अठरा-अठरा तास अभ्यास करणारा विद्यार्थी म्हणून त्यांचे नाव आपण मुलांना सांगतो, आणि ते योग्यच आहे. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव महाराजांनी दिलेल्या शिष्यवृत्तीमुळे. चार वर्षांनी, १९१७ मध्ये, त्या काळी अत्यंत थोड्या भारतीयांपाशी असलेली विद्या घेऊन ते नोकरीसाठी बडोद्यास आले. तेव्हा त्यांना राहावयास जागा मिळाली नाही, आणि कचेरीतला शिपाई त्यांच्या हाती कागद न देता दुरून टाकीत असे. अमेरिकन आदर्शाच्या हिशेबाने त्यांनी सर्व काही केले होते. कष्ट केले होते, विद्या मिळविली होती, ती पुन्हा अमेरिकेतूनच मिळविली होती! तरी दार बंद. मुंबईच्या गिरण्यांतही तेच होते. अधिक पगाराच्या विणाईखात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नसे, कारण धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे आणि त्याचा विटाळ होई. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. तो मांडावा लागला ही आमच्या चळवळीला लाज आणणारी गोष्ट आहे, आणि ती आम्ही झाकता कामा नये. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूर सभासद असताना बाबासाहेबांनी कारखान्यांतील कामाचा आठवडा ४८ तासांवर आणणारी सुधारणा घडवून आणली. एका माणसाच्या विद्येचे फळ लाखो घरी गेले ते कायद्याच्या वाटेने.

शेतीकडे पाहिले तरी निराळे चित्र दिसत नाही. आपल्या शेजारच्या अलिबाग तालुक्यातील चरीच्या शेतकऱ्यांचा संप नव्या पिढीला ठाऊक नसतो, म्हणून सांगतो. खारजमिनीला बांध घालायचा कुळाने, चिखलात कंबरेइतके उभे राहून लावणी करायची कुळाने, आणि खळ्यावर निम्मे किंवा त्याहून अधिक भात उचलायचे खोताने. वर नाना तऱ्हेच्या बाबी आणि वेठ. १९३३ च्या ऑक्टोबरमध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरी व आजूबाजूच्या गावांच्या कुळांनी ठरविले की आता खोताची जमीन कसायचीच नाही. जमीन ओसाड पडली. लोकांनी रानातला लाकूडफाटा विकून, उपासतापास काढून दिवस ढकलले, परंतु नांगर धरला नाही. हा संप सुमारे सहा वर्षे चालला. १९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. १९३९ च्या कायद्याने कुळांना संरक्षण मिळाले, आणि ती वाट पुढे कूळकायद्यापर्यंत आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनापर्यंत गेली. ‘कसेल त्याची जमीन’ हा आमच्या मातीतला कष्टाचा आदर्श होय. ध्यानात घ्या, शतकानुशतके कष्ट करून जे मिळाले नाही ते या शेतकऱ्यांनी सहा वर्षे कष्ट *न करून* मिळविले!

आता आपण ज्या भूमीवर बसलो आहोत तिचा इतिहास. १९७० च्या मार्चमध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर नवे शहर वसविण्याचे काम तिच्याकडे आले. भातशेती, मिठागरे आणि खाडीतली मासेमारी यांवर जगणारे आगरी-कोळी हे येथले मूळ कष्टकरी. संपादनाचा मोबदला सातबाऱ्यावरील नावाला मिळाला. जो दुसऱ्याच्या शेतात राबत होता, मिठागरात उन्हातान्हात मीठ ओढीत होता, त्याचे नाव कोणत्याही उताऱ्यावर नव्हते, कारण घामाचा सातबारा नसतो. ज्यांना पैसे मिळाले त्यांचे दरही तुटपुंजे होते. जासईचे दिनकर बाळू पाटील, म्हणजे आपले दि. बा., यांनी या प्रश्नावर रान उठविले. १९८४ च्या जानेवारीत १६ व १७ तारखेला जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मे झाले. त्यांच्या रक्तातून एक तत्त्व पुढे आले. ज्याची जमीन शहरासाठी गेली त्याला त्या शहराच्या विकसित जमिनीतला वाटा मिळाला पाहिजे. साडेबारा टक्क्यांची योजना म्हणतात ती हीच, आणि ती १९९० नंतरच्या दशकात अमलात आली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ज्या विमानतळाचे उद्घाटन झाले तो याच गावांच्या मातीवर उभा आहे. त्या मातीला आलेला भाव कोणाच्या नांगराने आलेला नाही. तो शहर आल्यामुळे आला, आणि शहर सर्वांनी मिळून उभे केले. मग त्या भावाचा मोठा हिस्सा कोणाच्या घरी जातो, हा प्रश्न विचारणे गैर आहे काय?

मुंबईत गिरण्यांच्या जागांचे तसेच झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, तो विझत गेला. तीन पिढ्यांनी सूत काढून जे मिळविले नाही ते धन गिरण्या बंद पडल्यावर त्यांच्या जमिनीतून निघाले. राबण्यापेक्षा जमीन धरून बसणे अधिक फलदायी ठरते, तेव्हा तरुण पोरांना आम्ही कोणत्या तोंडाने उद्योगाचा उपदेश करावा?

परंतु याच नवी मुंबईत उलट उदाहरणही आहे आणि ते माझ्या मते आजच्या विषयाचे खरे उत्तर आहे. ते उदाहरण माथाडी कामगाराचे.

सातारा, सांगली, पुण्याकडच्या डोंगराळ भागांतील माणसे मुंबईच्या मशीद बंदर, मांडवी, भायखळा अशा बाजारांत गोणी वाहावयास येत. क्विंटलभर वजन माथ्यावर घेऊन तो माणूस फळीवरून धावे. त्याहून अधिक कष्ट माणसाच्या शरीराला करता येतील असे मला वाटत नाही. तरी तो रात्री दुकानाच्या फळीवर किंवा पदपथावर निजे. कारण व्यापारी म्हणे, हा माझा नोकर नव्हे. हा आज माझी गोणी उचलतो, उद्या शेजाऱ्याची. हा येतो आपल्या मर्जीने, जातो आपल्या मर्जीने. मुकादम आपला हिस्सा काढून घेई आणि टोळीच्या हाती उरलेली वाराई पडे. ना रजा, ना फंड, ना आजारपणाचा आधार. पाठ मोडली की गाव.

पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायत बांधली आणि मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींची संघटना उभी केली. पाटण तालुक्यातून आलेले अण्णासाहेब स्वतः बाजारात ओझी वाहिलेले. या लढ्यांतून १९६९ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. त्याची योजना किती साधी आणि किती कल्पक आहे पाहा. मालक एक नाही ना? हरकत नाही. मालक, कामगार आणि सरकार यांच्या प्रतिनिधींचे एक मंडळ करा. व्यापारी आणि कामगार दोघांचीही त्यात नोंदणी होऊ द्या. व्यापाऱ्याने मजुरी मुकादमाच्या हाती न देता मंडळात भरावी, आणि तिच्यावर ठरलेली लेव्हीही भरावी. मजुरी कामगाराला मिळेल, आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा, औषधपाणी यांची सोय होईल. दहा दारी काम करणाऱ्या माणसाला कायद्याने एक दार दिले. आज राज्यात अशी तीसहून अधिक मंडळे आहेत.

१९८१ मध्ये कांदा-बटाटा बाजार वाशीला आला, आणि १९९६ पर्यंत मसाला, धान्य, भाजी, फळे असे सारे घाऊक बाजार आले. त्यांच्याबरोबर माथाडीही खाडी ओलांडून आला. वाशी, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली येथे त्याची घरे झाली, कोपरखैरण्यात माथाडी रुग्णालय झाले. त्याची मुले शिकली. आज तुम्हाला एखादा अभियंता किंवा अधिकारी भेटतो, तो अभिमानाने सांगतो की माझे वडील बाजारात गोणी वाहत. टाळ्या त्या बापाच्या घामाला वाजल्याच पाहिजेत. परंतु मी विचारतो, १९६९ च्या आधीच्या हमालाने काय कमी घाम गाळला होता? त्याचा मुलगा अधिकारी का झाला नाही? पाठ तीच, गोणी तीच, बाजार तोच. मध्ये आले ते फक्त संघटना आणि कायदा. इतिहासात इतका स्वच्छ प्रयोग क्वचितच पाहावयास मिळतो.

याच्या शेजारी कंत्राटी कामगाराला उभे करा. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका रसायनाच्या कारखान्यात मी तरुणपणी मदतनीस होतो. फाटक एकच, यंत्र एकच, माझा हजेरीचा क्रमांकही बदलला नाही, पण काही वर्षांत कंत्राटदार तीन झाले आणि प्रत्येक वेळी माझी नोकरी पहिल्या दिवसापासून मोजली गेली. शेजारी उभा राहणारा कायम कामगार तेच काम करून कितीतरी अधिक पगार घेई. माझा त्याच्यावर राग नव्हता. परंतु मेहनतीचे फळ मेहनतीवर नव्हे, हजेरीपटाच्या रंगावर ठरते, हा धडा मला तेथे मिळाला. कंत्राटी कामगारांचा कायदा १९७० चा. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की कंत्राटपद्धत रद्द झाली तर ते कामगार आपोआप मूळ मालकाचे होतात. २००१ मध्ये मोठ्या खंडपीठाने तो फिरविला. २०१६ मध्ये पंजाबच्या प्रकरणात ‘समान कामाला समान वेतन’ हे तत्त्व हंगामी सरकारी कर्मचाऱ्यांना लागू झाले, आणि २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला. या चार निकालांच्या दरम्यान झाडूचे वजन बदलले नव्हते.

आणि आता कष्टकऱ्यांची एक नवी जात जन्माला आली आहे. मोबाईलवरील ॲपच्या हुकमाने घरोघरी जेवण आणि वाणसामान पोचविणारे हे तरुण. कंपनी त्यांना कामगार म्हणत नाही, ‘भागीदार’ म्हणते. तू तुझा मालक आहेस, जितके धावशील तितके मिळेल, असे त्यांना सांगितले जाते. अमेरिकन आदर्श आता पुस्तकातून निघून पोराच्या खिशात बसला आहे. परंतु दर कोण ठरवितो? भागीदार नव्हे. काम कोणाला द्यावे आणि कोणाचे खाते बंद करावे हे कोण ठरवितो? भागीदार नव्हे. पाय मोडला तर नफा-तोटा कोणाचा? तेथे मात्र तो एकटाच मालक! श्रोतेहो, हे युक्तिवाद तुम्हाला ओळखीचे वाटत नाहीत काय? येतो आपल्या मर्जीने, जातो आपल्या मर्जीने, माझा नोकर नव्हे. मशीद बंदरचा व्यापारी साठ वर्षांपूर्वी हेच बोलत होता. सामाजिक सुरक्षेच्या २०२० च्या संहितेने या कामगारांची व्याख्या प्रथमच कायद्यात आणली, कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के वर्गणी द्यावी असे म्हटले, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या. ही सुरुवात आहे, परंतु त्यात त्या पोरांना किमान वेतनाची हमी नाही आणि दराविषयी बोलण्याची जागाही नाही. ती जागा कशी करावी याचा नमुना शोधावयास परदेशी जाण्याचे कारण नाही. तो तुर्भ्याला, बाजार समितीच्या फाटकाशी उभा आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की संघटनांमुळे माणूस कामचुकार होतो, आणि माथाडीच्या नावाने खंडणी उकळणारेही निघाले आहेत. दुसरे विधान खरे आहे, ते मी नाकारणार नाही. काम न करता माथाडीचे नाव सांगून पैसे मागणारा हा माथाडीचाच पहिला शत्रू होय, आणि त्याला तुरुंगात धाडावे. परंतु २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती करण्याचे विधेयक आले तेव्हा माथाडी संघटनांनी जो विरोध केला तो खंडणीखोरांसाठी नव्हे. गोचीड काढताना गाय मरू नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते. दुसरा आक्षेप आमच्यावर अधिक कठोर आहे, आणि तो मीच घेतो. आम्ही संघटना केल्या त्या बहुधा आधीच आत असलेल्यांच्या. कायम कामगारांच्या संघटनांनी कंत्राटी कामगाराकडे अनेकदा पाठ फिरविली. आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईसाठी महाराष्ट्रात २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण आमच्यापैकी किती जणांनी तिला तिची नोंद झाली काय म्हणून विचारले? विणाईखात्याचे दार अजून निरनिराळ्या रूपांनी बंद होतच असते.

तेव्हा कष्ट करावेत की नाही? करावेतच. कष्टावाचून अन्न पिकत नाही, शहर उभे राहत नाही, आणि माणसाला माणूसपणही येत नाही. आळसाची वकिली करावयास मी आलो नाही. माझे म्हणणे एवढेच की कष्ट हे बी आहे, शेत नव्हे. खडकावर पडलेल्या बियाला तू नीट उगवत नाहीस म्हणून दोष देणे हा अन्याय आहे, आणि तो अन्याय आपण रोज करतो. गरीब राहिला तो आळशी असलाच पाहिजे, असे अमेरिकन आदर्श शेवटी म्हणू लागतो, आणि मग वर गेलेल्याला खाली पाहण्याची गरज उरत नाही. या आदर्शाचे सर्वांत मोठे नुकसान हेच आहे. जो हरला त्याच्याच माथी तो हरण्याचा दोष मारतो, आणि बिचारा हरलेलाही ते खरे मानून मुकाट बसतो.

इतिहासाने मला जे शिकविले ते थोडक्यात असे. रविवारची सुट्टी, ४८ तासांचा आठवडा, कसणाऱ्याच्या नावाची जमीन, साडेबारा टक्के, माथाडीचे पुस्तक, यांतील एकही गोष्ट एकट्या माणसाच्या मेहनतीने आलेली नाही. पण ती आल्यावर मात्र एकेकट्या माणसाच्या मेहनतीला फळ आले. म्हणून अमेरिकेचा आदर्श खरा की खोटा असे मी विचारीत नाही. कष्टाला फळ येते ते कष्ट करणारे एकमेकांचे हात धरतात तेव्हा, आणि कायदा त्या हातांना ओळखतो तेव्हा. अमेरिकेत हे जोवर होते तोवर तेथले स्वप्न चालले, येथे जेथे झाले तेथे येथलेही चालले.

उद्या तुमच्या दारी तो पेटीवाला मुलगा येईल. त्याला पाण्याचा पेला द्या, ते आपल्या संस्कृतीला धरूनच आहे. परंतु त्याबरोबर त्याला एवढेही विचारा की तुझी नोंद कोठे आहे, तुझा अपघात झाला तर कोण पाहील, आणि तुम्ही सारे एकत्र बसता काय. हा प्रश्न पुरेशा दारांत विचारला गेला, तर त्याचे उत्तर विधिमंडळाला द्यावेच लागेल. १८८४ साली परळला तसेच झाले होते.